नंदीच्या शिंगावरचे इन्सर्ट

पोळ्याच्या आदल्या दिवशी मला कंपनीच्या कपाटातून झिजलेल्या इन्सर्टची डबी घरी न्यायची होती. मी कोऱ्या इन्सर्टची नेली. झिजलेली डबी कपाटात राहिली. कपाटाला कुलूप मीच लावलं, आणि नीट लागलं ना म्हणून दोनदा ओढूनही पाहिलं.

हे वाचून ज्यांनी कपाळाला हात लावला नाही ते सुखी लोक. त्यांच्यासाठी थोडं धंद्यातलं सांगतो.

लेथ मशीनवर लोखंडाचा दांडा गरगर फिरतो आणि एक धारदार टोक त्याला सोलत जातं, आपण ऊस सोलतो तसं. ते टोक म्हणजे टूल. पूर्वी कारागीर ते स्वतः दगडावर घासून धारदार करायचा. आमच्या काळात इन्सर्ट आले. तीन कोपऱ्यांचा, अंगठ्याच्या नखाएवढा, भयंकर कठीण तुकडा, मधोमध भोक. भोकातून स्क्रू घालून तो दांडीवर कसायचा. एक कोपरा झिजला की फिरवून दुसरा, मग तिसरा, मग उलटा करून आणखी तीन. सहाही संपले की इन्सर्ट बाद. एक कोपरा बदलायची वेळ येईपर्यंत जेवढं काम करतो, तेवढी त्याची टूल लाइफ. आणि माझी नोकरी एवढीच की कोपरा मरायच्या जरासा आधी तो बदलायला लावायचा. फार लवकर बदलला तर साहेब ओरडतात, फार उशिरा बदलला तर दांडा ओरडतो.

साध्या लेथवर याचं फार काही नव्हतं. समोर माणूस उभा असायचा, त्याला डोळे होते. ऐंशीच्या दशकात आमच्या वर्ध्याजवळच्या कारखान्यात पहिली सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ, आली आणि पंचाईत झाली. ही मशीन सांगितलं तेवढं करते. टोक झिजलं, तुटलं, गळून पडलं, तिला पत्ता नाही. ती उरलेला कार्यक्रम इमानदारीनं पार पाडते, लग्नातल्या बँडवाल्यासारखी. नवरदेव पळून गेला तरी वाजवणार.

तिच्यासाठी काचेची खोली बांधली, खोलीला एसी लावला. वर्ध्याच्या मे महिन्यात साऱ्या कारखान्यात तेवढी एकच थंड जागा, तेव्हा तिथे लोक जी श्रद्धा दाखवत ती निव्वळ तंत्रज्ञानावरची नव्हती. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम निघाला, आणि दारात अशा चपला साचायच्या की बाहेरच्या माणसानं आत प्रसाद मिळतो का म्हणून विचारावं. एकानं विचारलंही. हिंगणीहून एक जण उसाच्या रसाच्या चरकाचा रूळ खांद्यावर घेऊन आला होता. चपला काढल्या, आत आला, मशीनला हात जोडले आणि म्हणाला, "ह्याले कातून द्या, पण कॉम्प्युटरनं. रस जास्त निघन म्हंते." मी त्याला टूल लाइफवर अर्धा तास व्याख्यान दिलं. तो थंड होऊन गेला. रूळ तिथंच विसरला.

व्याख्यानं द्यायचा मला नाद होता. कंपनीनं मला पंधरा दिवस पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं, आणि परत आल्यावर मी चहासुद्धा इंग्रजीतून मागत होतो. पदवी मिळाली टूल इन्चार्ज. मशीनवर ऑपरेटर होते भोयर, पवनारचे, घरी शेती, दोन बैल, आणि जिभेला कुलूप नाही. त्यांचं म्हणणं, कोपरा कधी संपला ते कानाला कळतं. माझं म्हणणं, पुस्तकात लिहिलंय.

एकदा भोयर डोळे मिटून, कान काचेला लावून म्हणाले, "साहेब, बदला. रडून राह्यला थो."

मी बदलला. कोपरा ठणठणीत होता. रडत होता तो एसीचा कॉम्प्रेसर. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकावर भरवसा ठेवून कोपरा चालू दिला, तर तो असा फुटला की तुकडा काचेवर आदळला आणि मी भोयरांच्या मागे लपलो. दोघांचीही विद्या एकाच तोलाची ठरल्यावर आमचं चांगलं जमलं.

मग आली पुण्याच्या एका कंपनीची ट्रायल. पंपाचे दांडे. स्टील चिवट, माप केसाच्या अंशात, वरचा पृष्ठभाग असा पाहिजे की तोंड दिसावं. नमुने पास झाले तर वर्षभर काम, नाही तर आमची मशीन थंड हवा खात बसणार. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं, "ढगे, हे गेलं ना, तर मी तुम्हाला डिस्पॅचला टाकतो. खोक्यांना खिळे ठोका."

त्या स्टीलसाठी खास इन्सर्ट मागवले होते. वर सोनेरी मुलामा असलेले. आजच्या पोरांना त्याचं काही नाही, पण आम्ही तोवर राखाडीच पाहिले होते. डबी उघडली आणि सारी शिफ्ट गोळा झाली. हुबेहूब सोनं! शिवाय मधोमध तयार भोक. माणसाच्या मनात काय येणार? आठवडाभरात सरावाचे तुकडे कातून जे इन्सर्ट बाद झाले, त्यांतला एक एकाच्या पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात गेला, एक भोयरांच्या म्हशीच्या कपाळावर. उरलेले मी गोळा करून त्यांच्याच मूळ रिकाम्या डबीत मांडून ठेवले. छान दिसत होते. कोऱ्यांची शेवटची डबी शेजारीच होती. तीही छान दिसत होती.

उरलेले ठेवले ते कुसुमसाठी. कुसुम माझी बायको. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होतो, हा दिवस लेकरांचा. लाकडाचे नंदीबैल, पायाला चाकं, अंगावर झूल. लेकरं ते ओढत मैदानात आणतात, नंबर काढतात, मग घरोघर नंदी फिरवून बोजारा मागतात, म्हणजे खाऊ किंवा ओवाळणी. म्हणायला सण लेकरांचा. सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीत लढाई आयांची असायची. मागच्या वर्षी आमच्या लेकीच्या, छबीच्या नंदीला हरवून शेजारच्या चौधरीबाईंचा नंदी पहिला आला होता, आणि तेव्हापासून आमच्या घरून त्यांच्याकडे विरजण जाणं बंद होतं.

"तुमच्या कंपनीत थे सोन्याचे तिकोनं फेकून देतात म्हंते," कुसुम म्हणाली. "मले आनून द्या. औंदा पाह्यतो मी तिचा बैल."

पोळ्याच्या आदल्या दिवशी भोयरांना बैलांची खांदशेकणी, म्हणजे खांदे तूप-हळदीनं शेकणं, करायची होती, त्यांना अंधारायच्या आत पवनार गाठायचं होतं, मला दारात लावायला पळसाच्या डहाळ्या घ्यायच्या होत्या, साऱ्या कारखान्याचा एक पाय दाराबाहेर होता. मी कपाट उघडलं, डबी खिशात टाकली, कुलूप लावलं. ओढून पाहिलं. हे वर सांगितलंच.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पुण्याहून तपासनीस शेवडे साहेब आले. सडपातळ, शांत, खिशाला व्हर्निअर लावलेला. व्हर्निअर म्हणजे मापाचा चिमटा. ते तो पेनसारखा बाळगत. आज इथं कसला सण आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. चपला काढून ते काचेच्या खोलीत आले, मोठे साहेब आले, मी कपाट उघडून ऐटीत डबी भोयरांच्या हातात दिली. पहिला दांडा लागला.

निघाला तो असा, जणू मांजरीनं नखं घासली होती.

शेवडे साहेबांनी दांड्यावरून नुसतं नख फिरवलं. मी मात्र बोललो. म्हटलं, पहिला नग असाच येतो, मशीन अजून गरम व्हायची आहे. भोयरांनी कोपरा फिरवला. दुसरा दांडा वाईट. शिवाय जाड. टोक झिजलेलं असलं की ते कमी सोलतं आणि दांडा जाड येतो, हे मी स्वतः शंभर लोकांना शिकवलेलं. पण डबी कोरी आहे हे मला माहीत होतं ना! म्हणून मी व्होल्टेजला दोष दिला. वर्ध्याच्या व्होल्टेजवर कोणी शंका घेत नाही. तिसऱ्या दांड्याला टोक थंड ठेवायच्या पाण्यात तेल कमी पडलं. चौथ्याला एसीचा वारा तिरका लागत होता. पाचव्याला मी शेवडे साहेबांना त्यांच्याच स्टीलची चूक समजावून सांगितली. सहाव्याला कोणीतरी चपला घालून आत आलं होतं.

"ढगे," मोठे साहेब दाताआडून म्हणाले, "कोपरा पाहा."

"साहेब, कोपरा कोरा आहे. डबीच कोरी आहे. हे बघा." मी नवा इन्सर्ट काढून शेवडे साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि वर त्यांना भिंगही दिलं. माणसानं किती मदत करावी याला काही मर्यादा?

त्यांनी भिंगातून पाहिलं. उलटा करून पाहिलं. मग सभ्यपणे विचारलं, "तुमच्याकडे उंदीर फार आहेत का हो? हे सहाही कोपरे कोणीतरी कुरतडलेत."

तेव्हा कुठं मला घरी नेलेली डबी आठवली.

मोठ्या साहेबांच्या तोंडाकडे पाहायची सोय नव्हती. "कोरे कुठं आहेत?"

"घरी."

"घरी काऊन?"

"बैलावर, साहेब."

"कोनत्या बैलावर?"

"लाकडाच्या."

साहेब इतर वेळी शुद्ध बोलायचे. फार संतापले की त्यांचं गाव बाहेर यायचं. पुढचं जे बाहेर आलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मथितार्थ असा की शेवडे साहेबांची संध्याकाळची गाडी आहे, तोवर दांडे निघाले तर ठीक, नाही तर खिळ्यांचं खोकं तयार आहे. तसले इन्सर्ट पुण्याहून परत मागवायला आठवडा लागला असता.

भोयरांनी त्यांची स्कूटर काढली, मी मागं बसलो. घराला कुलूप. नंदी मैदानात गेला होता.

मैदानात रांग लागली होती. छबी दोरी धरून उभी, तिच्यामागे कुसुम, आणि मधे आमचा नंदी. काय दिसत होता! शिंगांना लाल दोऱ्यात ओवलेले दोन दोन, कपाळावर मेणानं चिकटवलेला एक, बाकीचे झुलीवर आणि पोटाखालच्या पट्ट्यावर टाचलेले. उन्हात असा लखलखत होता की चौधरीबाई मुद्दाम दुसरीकडे पाहत होत्या. नंबर देणारे शाळेचे हेडमास्तर रांगेत चार बैल अलीकडे येऊन पोचले होते.

मी धापा टाकत म्हटलं, "कुसुम, हे काढ. चुकून कोरे आणले मी. नोकरी चालली माझी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हेडमास्तरांकडे पाहिलं. मग चौधरीबाईंकडे. "नंबर लागू द्या, मंग घेजा."

"तेवढा वेळ नाही गं! गाडी आहे त्यांची!"

"मले आजवर एक दागिना केला नाई तुमी," कुसुम साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता बैलाच्याबी अंगावरचे उतरवाले आले?"

मैदानातल्या समस्त बायका आमच्याकडे वळल्या. छबीनं भोकाड पसरलं. भोयर माझ्या कानात म्हणाले, "साहेब, वहिनीसंगं टूल लाइफ बोलू नका. मी बोलतो." आणि पुढं होऊन म्हणाले, "वहिनी, ह्यायची खुर्ची जाऊन राह्यली. खिळे ठोकाले लावन साहेब. तुमीच सांगा, कसं कराचं?"

कुसुमनं विचार केला. नोकरी तिलाही हवी होती. पण पोरीच्या बैलाचे दागिने भर मैदानात चौधरीबाईंसमोर उतरवणं तिला कबूल नव्हतं.

"इथं एकबी काढाचा नाई," ती म्हणाली. "न्याचा तं पुरा बैल न्या. मी आन् छबी येतो मागून. तिकडं जे काढाचं थे मीच काढीन."

अशा रीतीनं कंपनीचा टूल इन्चार्ज भर दुपारी स्कूटरवर मागे, मांडीवर नंदी घेऊन, त्याच्या मानेला मिठी मारून निघाला. एक शिंग भोयरांच्या पाठीत घुसत होतं आणि खड्ड्याखड्ड्याला ते मला नाही, नंदीला शिव्या देत होते. मागून कुसुम आणि छबी. आणि त्यांच्यामागे, काय ते नीट न कळल्यामुळे, अर्ध्या कॉलनीची पोरं आपापले बैल ओढत. यंदा कंपनीत बोजारा वाटतात अशी बातमी रांगेत पसरली होती.

आम्ही पोचलो. थोड्या वेळानं गेटवर चाकांचा खडखडाट आला. कुसुम आणि छबी आत शिरल्या, तेवढ्यात वॉचमननं संप समजून गेट लावलं.

नंदीची चाकं चिखलाची होती, म्हणून त्याला चपलांच्या नियमाप्रमाणे बाहेर पुसून घेतलं आणि टूल ठेवायच्या ट्रॉलीवर, मशीनच्या बाजूला उभं केलं. भोयरांनी सवयीनं त्याच्या पाया पडून घेतलं. कुसुमनं छोटी कात्री काढली. शेवडे साहेब हात मागं बांधून हे सगळं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुण्याचं ट्रेनिंग वेगळंच असतं.

मी घाईनं शिंगावरच्या इन्सर्टला हात घातला. "शिंगाचे राहू द्या," कुसुमनं हात झटकला. "पोटाखालचा घ्या, थो दिसत नाई."

पोटाखालचा बसवला. भोयरांनी त्यावरची हळद पुसली. बटण दाबलं. दांडा बाहेर आला आणि त्यात मला माझं तोंड दिसलं. त्या दिवशी तरी ते पाहण्यासारखं नव्हतं, पण इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

मग जे सुरू झालं ते मी नोकरीच्या उरलेल्या काळात तसंच चालवलं, आणि हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. भोयरांनी नवा इन्सर्ट मागितला की कुसुम म्हणायची, "जुना दाखवा." जुना हातात घेऊन उजेडात सहाही कोपरे पाहायची. एक कोपरा जरी चांगला दिसला तरी परत द्यायची, "हा कामाचा आहे. फिरवा." सहाही काळे पडले असले तरच कात्रीनं नवा कापून द्यायची आणि त्याच जागी जुना टाचायची, म्हणजे झूल उघडी पडायला नको. जुना दिल्याशिवाय नवा नाही. पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खरं म्हणजे शिकवलं असेल. मी तेव्हा जेवणानंतरच्या व्याख्यानाला झोपत होतो.

पोटाखालचे संपले, झुलीवरचे बहुतेक संपले, दांडे पुरे झाले. शेवडे साहेबांनी एकेक मोजला, बोटानं चाचपला, आणि म्हणाले, "पास."

मोठ्या साहेबांनी सोडलेला श्वास एसीच्या आवाजातही ऐकू आला.

तेवढ्यात गेटवरून ओरडा वाढला. पोरांना बोजारा पाहिजे होता आणि नंबर पाहिजे होता, कारण हेडमास्तर मैदानातच राहिले होते. गेट उघडलं, कँटीनमधून बिस्किटं मागवली. आणि एका पोरानं शेवडे साहेबांनाच हाताला धरून बैलांच्या रांगेपुढं नेलं. साहेबांनी माघार घेतली नाही. खिशातून व्हर्निअर काढला आणि प्रत्येक नंदीची दोन्ही शिंगं मोजायला सुरुवात केली. ट्रॉलीसकट रांगेत आणलेल्या आमच्या नंदीपाशी आल्यावर ते जरा थांबले, पुन्हा मोजलं आणि मान हलवली.

"दागिने उत्तम आहेत. पण डावं शिंग उजव्यापेक्षा आखूड आहे. हा मापात बसत नाही."

पहिला आला चौधरीबाईंचा. कुसुम माझ्याशी चार दिवस बोलली नाही. शिंगं सुतारानं केली होती, तरी ती माझीच चूक होती.

शेवडे साहेब स्टेशनला गेले, पोरं पांगली, आणि मोठे साहेब काचेच्या खोलीत येऊन उभे राहिले. मी जमिनीकडे पाहत होतो. दांडे पास झाले, पण माझं काय ते ठरायचं होतं. साहेबांनी परत आत आणलेल्या ट्रॉलीवरच्या नंदीकडे पाहिलं. त्याची शिंगं अजून सोनेरी होती, कारण कुसुमनं तिथं शेवटपर्यंत हात लावू दिला नव्हता.

"भोयर," साहेब म्हणाले, "कपाटाची चाबी ह्यांच्यापाशी ठेवू का नको? तुम्ही सांगा. तुम्हाला रोज काम पडतं ह्यांच्याशी."

भोयर माझे मित्र. माझ्यासाठी स्कूटर पळवली, पाठीत शिंग खाल्लं. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोळ्यानं हात पुसले.

"बैलापाशी ठेवा ना, साहेब. दोन दिवस सारे कोरे इन्सर्ट त्याच्यापाशी होते, एकाचा कोपरा झिजू देल्ला नाई त्यानं."